जाऊन राहिली

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यातील दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा येथील तलाव-नोंदणी प्रकल्पाच्या भाड्याच्या कार्यालयात छत गळू लागले. म्हणून हिमांशुने आपले टेबल उचलून खिडकीपाशी नेले, आणि तिथे आधीपासून बसलेल्या दुर्गेश्वरीशी त्याची पहिली भेट झाली. भेट म्हणण्यापेक्षा तक्रार म्हणणे अधिक नेमके ठरेल.

“तुमीच का ते एडिटरवाले सर?”

“हो.”

“मंग हे पाहा. ही मदत आहे का मुसीबत?”

तिच्या संगणकाच्या पडद्याचे दोन भाग झाले होते. वरच्या भागात दवनीवाड्याच्या तलावाची नोंद होती, खालच्या भागात एडिटरने, म्हणजे नोंदी टंकण्याच्या प्रणालीने, आपणहून उघडलेली हेल्पची खिडकी. आणि नोंदीच्या मधोमध, पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, लांबी जिथे लिहायची तिथे, इंग्रजी क्यू अक्षरांची एक रांगच उभी होती.

“अकरा,” हिमांशु म्हणाला.

“तुमी मोजले?” ती हसली. “ते खाली लिवून आहे, बंद करायले क्यू दाबा. मी दाबून राहिली, तं सारे क्यू माह्या तलावात पडून राहिले!”

“खिडकी उघडते, पण कर्सर तुमच्याच नोंदीत राहतो. आधी त्या खिडकीत जायचे, मग क्यू दाबायचा.”

“म्हंजे मदत आली, अन् मीच उठून तिच्याकडे जाऊ?”

“तशी रीत आहे.”

“मंग रीत बदला.”

त्या एडिटरची ख्यातीच अशी होती की त्याच्या पोटातले जवळपास सगळे काही वापरणाऱ्याला बदलता यावे. हिमांशुने तिच्या खुर्चीमागे उभे राहून रचनेच्या फाइलीत एक ओळ घातली. यापुढे हेल्प उघडताच कर्सर आपणच तिच्यात जाणार होता. तिने करून पाहिले. एक क्यू... आणि खिडकी मिटली.

“वा सरजी,” ती म्हणाली, आणि तिने वळून पाहिले. तिच्या ओल्या ओढणीला बांधावरच्या गवताचा वास येत होता. हिमांशुला उत्तर नेहमी उशिराच सुचत असे. कारण जोवर वाक्य पूर्ण आणि निर्दोष होत नाही, तोवर ते तोंडाबाहेर काढणे त्याला अशिष्टपणाचे वाटे.

तो मूळचा याच जिल्ह्यातला. पण वडिलांच्या नोकरीमुळे सारे शिक्षण सांगलीत झाले, आणि मराठी त्याने तिथल्या ग्रंथालयात बसून कमावली होती. दुर्गेश्वरी दवनीवाड्याच्या यादोरावांची मुलगी. रोज स्कूटीने कुडव्याला येई आणि गावोगावच्या तलावांच्या जुन्या नोंदी टंकित करी. नोंदणी करणाऱ्या बारा जणींपैकी एकीलाही एडिटरची इंग्रजी हेल्प कळत नव्हती. प्रकल्पप्रमुख शामकलाबाईंनी मग फर्मान काढले: हेल्प मराठीत आणा, रचना हिमांशु करील, शब्द दोघे मिळून ठरवतील.

शब्दांवरून पहिल्याच दिवशी वाजले.

“‘सदर कळ कर्सरला चालू ओळीच्या आरंभी स्थापित करते’,” तिने त्याचे वाक्य मोठ्याने वाचले. “स्थापित? गणपती आहे का?”

“तुम्ही काय लिहिले असते?”

“‘ओळीच्या सुरवातीले नेते.’”

“त्यात कर्ता नाही. कोण नेते?”

“कळच नेईन ना जी! आनखी कोन नेईन, मी?”

“भाषा नेमकी असली पाहिजे, दुर्गेश्वरी.”

“असू द्या नेमकी. पन माणसाची असू द्या.”

अखेर तह झाला. दोघांच्या सामाईक फाइलीत प्रत्येक कळीखाली दोन ओळी: वरची त्याची, खालची तिची. पावसाने अंगण चिखलले होते, आभाळ दुपारीही दिव्याची गरज भासावी इतके खाली उतरलेले असे. आणि त्या करड्या उजेडात दोघे शेजारीशेजारी बसून एकेका कळीवर भांडत. चहाचा ग्लास ती न बघता त्याच्याकडे सरकवी. तोही न बघता घेई. एकदा दोघांची बोटे ग्लासावर एकदमच आली... मग बराच वेळ कोणत्याच कळीवर वाद झाला नाही.

एफ-नऊ या कळीला काहीच काम नव्हते. हेल्पमध्ये तिच्याखाली हिमांशुने लिहिले होते, ‘या कळीस कार्य नेमलेले नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली आणखी एक ओळ दिसली: ‘बिचारी. आमच्या सरांसारखी बसून राहते.’

त्याला राग यायला हवा होता. त्याने ती ओळ तीनदा वाचली आणि उत्तर लिहिले: ‘कार्य नेमणारे कोणी अद्याप भेटले नसावे.’

त्यावर दुपारी: ‘शोधता का, का नुसतीच वाट पाहता?’

तेव्हापासून एफ-नऊची हेल्प ही त्या दोघांची चिठ्ठी झाली. सकाळी आल्यावर, छत्री मिटण्याआधी, तो हेल्प मागवून ती कळ दाबी. कधी एखादी खोडी असे, कधी नुसतेच, ‘आज तुमचा सदरा चांगला आहे.’ तो दिवसभर ताठ बसे.

ऑक्टोबर सरता सरता ती एकदा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “सौंदडचे लोक विचारून राहिले.”

“कोणत्या तलावाबद्दल?”

“तलावाबद्दल नाई!... माह्याबद्दल. ओमेश नाव आहे. त्याहिची धानाची गिरणी आहे.”

“अच्छा,” हिमांशु म्हणाला.

“अच्छा म्हंजे काय?”

“म्हणजे... चांगलेच लोक असतील.”

ती पुढचा अर्धा तास कळा फार जोरात बडवीत होती. हिमांशुच्या आड काही येत नव्हते. समाज एकच, घरे तोलामोलाची, शामकलाबाईंना तर सारे उघड दिसत होते. अडसर एवढाच होता, की तिला जे सांगायचे त्याचे वाक्य अजून त्याच्या मनासारखे जुळत नव्हते. दोन उपवाक्ये झाली होती. मुख्य क्रियापद राहिले होते.

नोव्हेंबरात धानकापणीमुळे ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, काही न बोलता टंकत बसली, आणि मग नोंदींचे गठ्ठे घेऊन आतल्या खोलीत गेली. हिमांशुने एफ-नऊची हेल्प उघडली.

‘सौंदडले जाऊन राहिली. तुमाले काही म्हनायचे आहे?’

हेच शब्द तिने तोंडाने उच्चारले असते, तर त्याचा घोटाळा झाला नसता. साडेतीन महिने हे ‘करून राहिली’, ‘येऊन राहिली’ त्याच्या कानांवर पडत होतेच. पण लिहिलेली मराठी त्याचे डोळे पुस्तकाच्या नियमानेच वाचीत. जाऊन राहिली: सौंदडला गेली आणि तिथे राहिली. दोन दिवस राहिली! म्हणजे पाहणे झाले, बोलणे झाले, सारे उरकले. आता ती केवळ रीत म्हणून विचारते आहे. मग त्याने, आयुष्यात प्रथमच, क्षणाचाही विलंब न लावता एक निर्दोष वाक्य लिहिले:

‘आपण सौंदडला जाऊन राहिलात, हे समजले. अभिनंदन. आपले कल्याण होवो.’

ती परत आली. हेल्प उघडली.

“हेच म्हनायचे होते?”

“हो,” तो म्हणाला. सभ्य माणूस दुसरे काय म्हणणार, असे त्याला वाटले.

“बरं,” ती म्हणाली, आणि क्यू दाबून खिडकी मिटली.

त्या रविवारी ती सौंदडला गेली. पुढच्या आठवड्यात तिने रजेचा अर्ज पाठवला. एफ-नऊखाली नवी ओळ उमटली नाही, तरी तो रोज सकाळी ती कळ दाबीत राहिला.

डिसेंबरच्या मध्यावर हेल्पचे शेवटचे वाचन सुरू झाले. हिमांशु वाचीत होता, शामकलाबाई ऐकत होत्या. चालू असलेले काम थांबवण्याच्या कळीखाली दुर्गेश्वरीची ओळ होती: ‘कर्सर खाली खाली जाऊन राहिला असन, तं ही कळ दाबा. थांबते.’

“हे तर्काला धरून नाही,” हिमांशु म्हणाला. “खाली जाऊन राहिला असेल, तर आता थांबवायचे काय? तो पोचला की.”

“पोचला कुठी?” शामकलाबाई हसल्या. “जाऊन राहिला म्हंजे अजून वाटेतच आहे. म्हनून तं थांबवता येते त्याले... काऊन, काय झाले जी? बरं नाई का?”

हिमांशु उभा राहिला होता. त्याने छत्री घेतली नाही.

दवनीवाड्यापर्यंत अवकाळी भुरभुर सोबतीला होती. कापलेल्या धानाच्या गंजींवर ताडपत्र्या ओढल्या होत्या, आणि शेतांत माणूस दिसत नव्हता. यादोरावांनी त्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले, त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिले, आणि बैल पाहून येतो म्हणून ते निघून गेले. दुर्गेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या बोटात अंगठी होती.

त्याने सांगितले. पूर्ण वाक्ये एकही झाली नाहीत... ती चिठ्ठी, ‘राहिली’चा अर्थ, सांगलीचे व्याकरण, ऑगस्टमधला तो सोमवार, ओढणीचा वास, सारे एकात एक गुंतून बाहेर पडले. आणि शेवटी, इतके महिने अडलेले क्रियापद: “मला तुम्ही आवडता.”

ती ऐकत होती. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होते.

“शनिवारपर्यंत वाट पाहिली मी,” ती म्हणाली. “रविवारी गाडीत बसली, तेव्हाही फोन हातातच होता.”

“पण मला वाटले, तुम्ही आधीच...”

“वाटले ना? मंग एकदा तोंडाने म्हनायचे होते, दुर्गेश्वरी, गेली होती का जाशीन? मी तं दोन हातांवर बसली होती.”

“अजूनही—”

“नाई जी.” तिचा आवाज हलला, पण शब्द हलला नाही. “मले कोनी ढकलले नाई. ओमेशने समोर बसून मले विचारले, मन आहे का तुमचे? मी विचार केला अन् हो म्हनले. तो माणूस माह्या शब्दावर आहे आता.”

हिमांशुने मान खाली घातली. तिने ओसरीवरचा रिकामा पेला उचलला, आत जायला वळली, आणि दारात थांबून त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, एखाद्या नोंदीवर शेवटचा शेरा लिहावा तसे, शांतपणे.

“तुमी माणूस चांगले आहा, सरजी,” ती म्हणाली. “पन तुमाले विचारता येत नाई.”