पहिला आवाज देवांचा

"रोह्याची गाडी गेली काय हो?"

सगुणानं विचारलं ते कासू स्टेशनच्या बाकड्यावर बसलेल्या एका अनोळखी तरुणाला. त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग तिच्याकडे झुकून अगदी हळू म्हणाला, "नाय... अजून यायची हाय."

"तुमी कशाला कुजबुजता?"

"तुमीच कुजबुजलात... मला वाटलं, काय तरी गुपित हाय!"

रागानं सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याचा चेहरा इतका भाबडा होता, की मागोमाग हसूही फुटलं. तिनं गळ्यावरची आडवी खूण दाखवली. सहा महिन्यांपूर्वी थायरॉईडची गाठ काढली, तेव्हापासून एक स्वरतंतू लुळा पडला होता. शब्दाऐवजी निम्मी हवाच बाहेर यायची.

त्याचं नाव जगन, रोह्याला कंपनीत कामाला. ती दर गुरुवारी रोह्याच्या दवाखान्यात जाते हे कळल्यावर जगनची शिफ्ट नेमकी तिच्याच गाडीला कशी येऊ लागली, हे कंपनीलासुद्धा ठाऊक नसावं!

पण सगुणाला असल्या गोष्टींकडे बघायला सवड कुठे होती? ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या मांडवात तिनं धवले गाऊन देवांना आवतण दिल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. सीताबाई आत्यानं तिला लहानपणापासून शिकवलं होतं. आता आत्याला दम लागायचा, आणि गावातल्या हिरामणकाकांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. काकांनी सरळ सांगून टाकलं, "सोमवारी हळद. तवर आवाज आला तर बरं, नायतर पेन ड्राइव्हवर धवले लावू."

एका घरी पेन ड्राइव्ह वाजला, की दुसऱ्या घरी वाजणार. मग धवलारणीला विचारतंय कोण?

"पेन ड्राइव्ह देवांना आवतण देनार काय?" गाडीत ती जगनला म्हणाली. तिला ओरडायचं होतं. निघाली ती हवाच.

त्या गुरुवारी जगन दवाखान्यातही बरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं, "दोन तंतू एकमेकांना भिडले तर आवाज होतो. तुझा एक भिडत नाही. सुईनं त्यात जेल भरलं, की तो फुगून मधे सरकेल."

"म्हंजे बांधाला खांड पडली तर चिकल भरतो, तसंच," सगुणा म्हणाली.

"तसंच. पण हे जेल काही महिन्यांत विरघळतं. तोवर नस सावरली तर उत्तमच. नाहीतर पुन्हा भरू, किंवा जास्त टिकणारं काही... कॅल्शियमचं, नाहीतर तुझ्याच पोटावरची चरबी. थांबायचं असेल तर थांब."

"बांधावर दर साली चिकल टाकतो आमी," ती म्हणाली. "भरा."

खुर्चीत बसवून, नाकातून कॅमेरा घालून, गळ्यातून सुई दिली. ती डोळे उघडे ठेवून बसली. बाहेर जगन मात्र घामानं भिजला होता. तीन दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं बजावून बाईंनी तिला सोडलं.

कुंडलिकेच्या पुलावर जगन थांबला.

"सगुणा... आज तू मधे बोलनार नायस, म्हनून सांगून टाकतो. मला तू आवडतेस. आवाज येवो, न येवो... माझ्याशी लगीन करशील?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती नदीकडे बघत राहिली.

"मान तरी हलव गो!"

तिनं त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि त्याच्या तळहातावर लिहिलं, 'पहिला आवाज देवांचा. सोमवारी ये.' शाईची गुदगुली त्याला पुलापलीकडचं अष्टमी गाव येईपर्यंत पुरली.

सोमवारी मांडवात स्पीकरला पेन ड्राइव्ह लावून हिरामणकाका तयारच होते. सगुणा पाटाशी बसली. आवाज नाही आला तर? तिनं तोंड उघडलं. पहिला सूर खरखरला, बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सीताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सगुणानं श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा उचलली. या वेळी आवाज निघाला तो थेट मांडवाबाहेर गेला! पूर्वीपेक्षा जाड होता, पण तिचाच होता. एकेका देवाचं नाव घेत तिनं सगळ्यांना बोलावलं. काकांनी पेन ड्राइव्ह हळूच काढून खिशात टाकला.

हळद लागली. पिवळ्या हातांनी सगुणा मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या जगनसमोर आली.

"हा आवाज गेला तर मी परत सुई घेनार. धवला सोडनार नाय. चालंल?"

"चालंल."

"मग आत्याला जाऊन सांग, दम राखून ठेव म्हनावं," ती म्हणाली, आणि सगळा मांडव वळून बघेल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "नवरीला आपल्या लग्नात धवला गाता येत नाय!"