एकाच वाटीत

काकांची निळी स्कूटर तंजावुरच्या मेडिकल कॉलेज रोडवर वळताना दिसली आणि कनकलता थबकली.

घरी तिनं शिंप्याकडे जाते म्हणून सांगितलं होतं. गेली होती मात्र कंप्यूटर सेंटरला... भरद्वाज सरांचा तिथला शेवटचा दिवस होता म्हणून. सर तिथे नव्हतेच. आणि आता ही स्कूटर! काकांच्या शब्दावर घर चालायचं. समोर जो दरवाजा दिसला त्यात ती शिरली.

आत गारवा होता, भाजलेल्या तिळांचा वास होता. रामस्वामी नावाचा कोणी ओसाकाच्या हॉटेलात वर्षानुवर्षं राबून परत आला होता, त्यानं उघडलेलं हे जपानी शेवयांचं दुकान. गावात त्याची चेष्टाच फार व्हायची. चार टेबलं, आणि शेवटच्या टेबलाशी – अय्यो – भरद्वाज सर!

दोन काड्यांत शेवया धरायच्या, त्या घसरायच्या. सर कपाळाला हात लावून पुटपुटले, "देवा, हे खायचं तरी कसं?"

मराठीत. अगदी घरच्या मराठीत.

कनकलतानं जीभ चावली. तंजावुरात मराठी उंबऱ्याच्या आत राहते, रस्त्यावर सगळी तमिळ. त्या भरवशावर ती आणि भारती, तिची चुलत बहीण, वर्गात सरांच्या समोर बसून काय काय बोलल्या होत्या! "कान बघ की सरांचे, ट्यूबलाइटमध्ये गुलाबी दिसतात." आणि ते दुसरं... नको, ते आठवायलाच नको.

"सर... तुम्ही मराठी?"

"कुंभकोणमचे आम्ही. मराठा राजांच्या वेळेपासून." सर हसले. "बसा ना."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकायला कसं मिळालं असतं?"

"काय... काय ऐकलंत?"

"कानांचं सगळं. आणि असा नवरा मिळाला तर सोळा सोमवार करीन, तेही. ते तुम्ही म्हणालात की भारती?"

"भारती!" ती घाईनं म्हणाली. सरांचे कान गुलाबी झाले, तिचे तर पेटलेच.

बाहेर स्कूटर थांबली, शेजारच्या विड्याच्या पानांच्या दुकानापाशी. ती दाराकडे पाठ करून बसली. मानेवरचा गजरासुद्धा तिनं पुढे ओढून घेतला.

"कोण आहेत?"

"काका. बघितलं तर संपलं सर. शुक्रवारी बेंगळुरूहून माणसं येताहेत... मला बघायला."

सरांच्या काड्या हवेतच राहिल्या. "आणि मी रविवारी जपानला, नागोयाला निघतोय. कंपनीचं ट्रेनिंग, दोन वर्षं. तिथे खायचं काय ह्याचीच भीती. म्हणून इथे प्रॅक्टिस करतोय."

रामस्वामीनं तिच्यापुढेही ताट आणून ठेवलं. गार, जाड शेवया. वाटीत गरम, दाट सार.

"मासे नाहीत ना?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"तीळ आणि अळंबी, अम्मा. तुमच्यासारख्यांचं पातेलंच वेगळं." त्यानं बोटांनी दाखवलं. "सांबारासारखं वरून ओतायचं नाही. बुडवायचं, ओढायचं. आवाज करून!"

"आवाज?" घरी जेवताना आवाज केला तर अम्मा चिमटा काढायची.

सर तिच्याकडे बघत होते. "तुम्हांला हवंय का ते? शुक्रवारचं?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतोय ना."

उत्तर जिभेवर होतं. ते टाळायला तिनं शेवया उचलल्या, टोक दातांत धरलं... आणि बाहेर काकांचं खणखणीत हसू ऐकू आलं. ती दचकली. अर्ध्या खाल्लेल्या शेवया काड्यांतून सुटल्या आणि सरळ सरांच्या वाटीत पडल्या.

उष्टं!

तिच्या घरी सख्ख्या भावाच्या ताटातलंही कोणी उचलत नसे. एका पानावर जेवायचं ते फक्त लग्नाच्या दिवशी, नवरानवरीनं. तिचे डोळे भरून आले. "सर, चुकून – टाकून द्या ती वाटी, मी दुसरी..."

सरांनी वाटी जवळ ओढली. त्याच शेवया काड्यांत धरल्या. ह्या वेळी घसरल्या नाहीत. आणि असा सुर्रर्र आवाज काढला की रामस्वामी टाळी वाजवून "भले!" म्हणाला.

"ते उष्टं होतं, सर..."

"माहीत आहे." आवाज खोल गेला होता, कान लालभडक. "आता सर म्हणू नकोस."

*म्हणू नकोस.* तुम्हीवरून एकदम तूवर. भीती वाटलीच, पण ह्या भीतीला तिळांचा वास येत होता.

रामस्वामी किटली घेऊन आला. उरलेल्या सारात गरम पाणी घालून शेवटी ते प्यायचं, अशी तिकडची रीत. "दोन वाट्यांत देऊ?"

भरद्वाजनं तिच्याकडे बघितलं.

"एकच पुरे," कनकलता म्हणाली. दोन्ही हातांनी वाटी उचलून ती प्यायली, आणि त्याच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात दारात सावली पडली. "कनका? तू इथे?"

ती उठली, आणि आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर मोठ्यानं मराठीत बोलली.

"या ना काका, बसा. हे कुंभकोणमचे भरद्वाज. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."

भरद्वाज इतक्या घाईनं उठला की स्टूल आडवं झालं. "मला?" तो कुजबुजला. "आत्ता?"

"बुडवलंत ना?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता ओढा... आवाज करून."