रुपीबाईची प्लेट

सन १९६१. यवतमाळात एका खाजगी दवाखान्यात मी क्ष-किरण यंत्र चालवत असे. काम सोपं. माणसाला हलू नका म्हणायचं आणि बटण दाबायचं. डॉक्टर याला शास्त्र म्हणत.

एका सकाळी दिग्रसकडच्या बंजारा तांड्याचा नायक हिरासिंग रुपीबाईला घेऊन आला. पन्नाशीची बाई. वर्षभरात अंग सुटलेलं, हनुवटीवर दाढी, कपाळात सतत ठणका; बोलता बोलता नावं विसरायची. तांड्याने निदान केलं होतं: डाकीण. नायकाची अट अशी की डॉक्टरने आजार दाखवला तर बाई राहील, नाहीतर तांड्याबाहेर. फिर्यादीही तोच, पंचही तोच.

प्लेटवर कपाळाचं हाड आतून जाड दिसलं, मेण ओघळून थिजावं तसं. ग्रंथी बिघडल्या की काही बायांना असं होतं, डॉक्टर म्हणाले. दाढी, ठणका, विसर सगळं त्यातलंच. पण कानशिलावर केसांत बांधलेल्या टोपल्यांची, म्हणजे चांदीच्या दागिन्यांची, सावली मध्ये येत होती. त्या काढून प्लेट पुन्हा घ्यायला त्यांनी सांगितलं.

"धनी जित्ता हाय माहा," रुपीबाई म्हणाली. नवरा असेतो टोपल्या उतरत नाहीत. पण नायकाला दुपारची बस गाठायची होती. रिवाजाचा राखणदारच म्हणाला, काढ. तिने त्या सोडवून त्याच्याच ओंजळीत ठेवल्या.

दुसरी प्लेट धुतली. हाड जसं असावं तसं, पातळ. ठणकाही गेला, असं ती म्हणाली.

"म्हणजे आजार नाहीच," नायक खुशीत म्हणाला.

डॉक्टरांना स्वतःची चूक उभ्या जन्मात सापडली नव्हती. यंत्राची शोधायला त्यांनी जवळचं डोकं बसवलं, नायकाचं. त्या डोक्यात काही निघेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

निघालं.

कपाळ आतून जाड. मी प्लेट पहिलीवर ठेवून उजेडाला धरली. एक ओघळ इकडचा तिकडे नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तू प्लेटांची अदलाबदल केलीस. हिच्यावर बाईचं नाव घाल. मी घातलं. नोकरी होती.

नायक सगळं पाहत होता.

रुपीबाईने त्याच्याकडून टोपल्या घेऊन बांधल्या, तिच्या नावाची प्लेट काखेत घेतली. नायक बाकावर कपाळ दाबून बसला होता. तिच्याकडे पाहून ओठ हलवत राहिला. नाव आठवेना.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मले तांड्यात राहू देशीन ना?"

तिने त्याला नीट न्याहाळलं.

"पाहू," म्हणाली.