सतरा नंबरच्या झाडाचा घेर

सतरा नंबरच्या झाडामागे एक माणूस आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने नेहमीसारखी छातीच्या उंचीवर टेप धरली, दुसरं टोक खोडाभोवती भिरकावलं, ते पलीकडून अलगद हातात आलं. तिने ताणलं, आकडा वाचला. दोनशे सत्तर सेंटिमीटर. वहीत लिहिला. एवढं होईपर्यंत झाड गप्प होतं.

"झालं का?" झाड म्हणालं. "म्हणजे... ताण जरा कमी केलात तर श्वास घेईन म्हणतो."

ती वळसा घालून पलीकडे गेली. खोडाला पाठ टेकून एक उंच तरुण उभा होता. छातीशी निळी फाइल, हातात पेन, आणि फाइलीवरून आडवी गेलेली तिची टेप. बारीक पाऊस पडत होता. त्याच्या भुवईवर एक थेंब थांबला होता आणि त्याला कुठे जायची घाई दिसत नव्हती.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"मोजणाऱ्या माणसाला मध्येच हाक मारू नये, गडबडतो. शिवाय ते टोक मीच दिलं तुमच्या हातात. तुम्ही थँक्यूसुद्धा म्हणालात."

"मी झाडाला म्हणाले."

"हो? मग मी उगाचच लाजलो."

तिने टेप गुंडाळली. इतक्या वेगाने की ती दोनदा उलटी गुंडाळली गेली. आणि या सगळ्या गोंधळात एक गोष्ट राहून गेली: वहीतला आकडा. अकरा वर्षांच्या नोकरीत तिच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती, तेव्हा खोडायचं सुचणार तरी कसं?

तर प्रकरण असं होतं. त्या भागात बत्तीस छोट्या वनमालकांची एक संस्था होती. त्यांचं लाकूड घेणाऱ्या पेन्सिलींच्या कारखान्याने कळवलं होतं की 'जंगल राखून तोडलेलं' असं प्रमाणपत्र असेल तरच महिनाअखेरीपासून माल उचलू. असं प्रमाणपत्र देणाऱ्या पद्धती दोन. कारखान्याला कुठलीही चालणार होती, आणि कुठलीही चालणार असली की माणसांचं काहीच ठरत नाही. शेवटी संस्थेच्या अध्यक्ष काकूंनी दोन्हीकडून एकेक तपासनीस मागवला. दोघांनी मिळून चौदा दिवस जंगल हिंडायचं, दोन्ही पद्धतींची तुलना करायची, रविवारच्या सभेत एकच अहवाल द्यायचा. काकूंनी सॉ मिलमध्ये वीस वर्षं मुकादमकी केलेली. मशीन बंद होऊन जमाना झाला, पण त्या अजून त्याच्या वर आवाज काढून बोलत. त्यांनी पहिल्याच दिवशी दोघांची बारशी केली: ती मोजणीबाई, तो कागदराव.

"आमच्याकडे मालकाला विचारतात," कागदराव चालता चालता समजावत होता. "तुम्ही काय ठरवलंय? जबाबदार कोण? चुकलं तर दुरुस्ती कधी? मग दर वर्षी येऊन बघतात, मागच्या वर्षीपेक्षा बरे झालात का."

"आणि मागच्या वर्षी अगदीच वाईट असतील तर?"

"तर सुधारणेला भरपूर वाव."

"आमच्याकडे वाव-बिव नसतो. हेक्टरी पाच वठलेली झाडं उभी राखलेली हवीत, पक्ष्यांना ढोल्या करायला. चार असली तर नापास. ओढ्याकाठचा दहा मीटरचा पट्टा न तोडलेला हवा. नऊ असला तर नापास."

"साडेनऊ?"

"नापास."

"तुमच्या घरी कुणी हसतं का हो?"

"हेक्टरी पाच वेळा."

तो थांबला. मग इतक्या मोठ्याने हसला की वरून दोन पक्षी उडाले. तिने सवयीने तेही मोजले.

चौथ्या दिवशी ते एका निवृत्त कारकुनाच्या जंगलात गेले. फाइल बघून कागदरावाचे डोळे पाणावले. अनुक्रमणिका, रंगीत चिठ्ठ्या, घुबडांच्या संरक्षणाचं चार पानी धोरण! मग ते आत गेले. झाडं ओळीने उभी, खाली जमीन झाडून काढल्यासारखी, वठलेलं एकही नाही. पाखरू शोधून सापडेना. कागदरावाने फाइल हळूच मिटली.

"घुबडांना ही दाखवलेली दिसत नाही," तो म्हणाला. आवाज मात्र पडला होता.

तिला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

सातव्या दिवशी उलटं झालं. मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईंचं जंगल. वठलेली सात झाडं, ओढ्याकाठी पाय ठेवायला जागा सापडू नये एवढी दाटी, सुतारपक्ष्याची ठकठक. बाईंची एकूण कागदपत्रं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्यातही फक्त एका तारखेखाली लिहिलेलं: 'बरं वाटत नाही.' मोजणीबाईंनी धडाधड गुण दिले. शेवटी कागदरावाने हळूच विचारलं, "तुमच्यामागे हे कोण बघणार?"

बाई पोळ्याकडे बघत राहिल्या. "मुलगा म्हणतो, सगळं एकदम तोडून मोकळं करू."

मोजणीबाईंच्या तक्त्यात एकशे बारा रकाने होते. याला एकही नव्हता.

परतीच्या वाटेवर पावसाने जोर धरला. त्याने सॅकमधून दोन रेनकोट काढले.

"दोन कशाला आणलेस?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, पायाखाली बघत, "तुझा प्रश्न बरोबर होता. मी एका दिवसाचा फोटो काढते. उद्याचं मला काही दिसत नाही."

"आणि मी उद्याच्या गप्पा मारतो... आज झाडावर पाखरू नसलं तरी."

तो चालता चालता फाइलीत काहीतरी खरडू लागला. भर पावसात, रेनकोटाखाली मान घालून.

"काय लिहितोयस?"

"नोंद. चार वाजून दहा मिनिटं. संबोधनात बदल."

ती पुढे चालत राहिली. तिचे कान तापले होते, आणि त्यांचं तापमान मोजायचं साधन जवळ नव्हतं, एवढंच बरं.

शनिवारी दुपारपर्यंत अहवाल झाला. फक्त शेवटची ओळ कोरी होती: 'शिफारस.' चौदा दिवसांनी तिला त्याची पद्धत बरी वाटत होती आणि त्याला तिची, त्यामुळे भांडणही धड होईना. पण तिची खरी अडचण दुसऱ्याच कागदाची होती. अहवालासोबत प्रत्येक तपासनिसाने एक घोषणापत्र जोडायचं असतं: 'या कामातील कोणत्याही व्यक्तीशी माझा वैयक्तिक संबंध नाही.' आजवर तिने ते चहा पिता पिता भरलं होतं. या वेळी चहा गार झाला.

तिने फोन उचलला. ताईला लावला.

"नाही म्हणून लिही आणि जेव," ताई म्हणाली. "काय झालंय तरी काय तुमच्यात?"

"काहीच नाही."

"मग?"

"ताई, काल मी एकच झाड दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. तो शेजारी उभा होता."

ताईने लहानपणी हिला केक कापताना कंपास वापरताना पाहिलं होतं. "अगं बाई," ती म्हणाली. "मग तर गंभीर आहे."

"खरं लिहिलं तर माझी मोजणी बाद. मोजणी बाद तर अहवाल बाद, आणि बत्तीस घरांचं लाकूड पडून राहणार. आणि एवढं करून त्याच्या मनात काही नसलंच तर?"

"त्याला विचार की!"

"तोंडी सांगण्याला पुरावा धरत नाहीत."

"तू ना," ताई म्हणाली, "एकटीच म्हातारी होणार, आणि सुरकुत्या मोजणार." आणि फोन ठेवला.

तिने पेन उचललं. खोटा आकडा तिने कधी लिहिला नव्हता. आता खोटं 'नाही' लिहिणार होती थोडीच? बाहेर उजेड होता तोवर तिने तो रकाना भरला, कागद घडी घालून वहीत ठेवला, आणि सभागृहाच्या खुर्च्या मनातल्या मनात मोजत पडून राहिली.

रविवारी सकाळी खुर्च्या भरल्या. कागदराव पहिल्या रांगेत, केस पाणी लावून बसवलेले. काकूंनी माइक बाजूला सारला, कारण माइकला त्यांची गरज होती, त्यांना माइकची नव्हती.

"आधी एक शंका," काकू गरजल्या. "झाड नंबर सतरा. मोजणीबाईंच्या वहीत घेर दोनशे सत्तर. आपल्या माणसांनी परवा मोजला, एकशे शहाण्णव. दोन आठवड्यांत चौऱ्याहत्तर सेंटिमीटर बारीक! बाई, झाडाला पथ्य काय दिलंत तेवढं मलाही सांगा."

सभागृह हसलं. ती उठली. अकरा वर्षांची वही तिच्या हातात एकाएकी जड झाली होती.

"आकडा... बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त, त्यात एक माणूस आहे."

बत्तीस माना कागदरावाकडे वळल्या. त्याने शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला.

"आणि ही चूक मी त्याच वेळी दुरुस्त करायला हवी होती. नाही केली, कारण..." तिने घडी उलगडली. "कारण इथे लिहिलंय. 'वैयक्तिक संबंध: आहे, माझ्या बाजूने. दुसऱ्या बाजूचा पुरावा अद्याप मिळालेला नाही.' नियमाप्रमाणे माझी सगळी मोजणी बाद धरा. तुमचं नुकसान होतंय. माफ करा."

कुणी हसलं नाही. मधमाश्यावाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. ती कुणाकडेही न बघता खाली बसणार, तेवढ्यात काकूंनी पर्समधून एक कागद काढला. तिच्या कागदासारखंच घोषणापत्र, कडा मऊ पडलेल्या.

"हा कागदरावांचा. पहिल्या दिवशी संध्याकाळीच माझ्या हातात देऊन गेले. तारीख बघा. वाचते." काकूंनी घसा खाकरला, खिडकीची तावदानं वाजली. "'वैयक्तिक संबंध: सध्या नाही. व्हावा असे धोरण आहे. जबाबदार व्यक्ती: मी. मुदत: सभेचा रविवार.'"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता, आणि बुटांपर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे पहिल्याच दिवशी मला कळलं की ही तपासणी धोक्यात आहे," काकू पुढे म्हणाल्या. "मग मी काय करावं? शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या जंगलात पाठवलं. दोघांचे तक्ते हातात देऊन. बत्तीसच्या बत्तीस जंगलं परत तपासली. त्या सतरा नंबरशिवाय बाईंचा एक आकडा इकडचा तिकडे नाही. बाद कशाला धरू? आता शिफारस. कागदरावांची पद्धत म्हणते, उद्दिष्टं तुमची तुम्ही ठरवा. ठरवली! मोजणीबाईंचे एकूण एक आकडे ही आपली उद्दिष्टं. प्रमाणपत्र त्यांचं, माप यांचं. दर वर्षी बाहेरचा तपासनीस येईलच, पण त्याआधी शेजाऱ्याने तपासायचं. शेजाऱ्याइतकं बारीक दुसरं कोण बघतं?"

"माझ्याकडे तर तो वर्षभर बघतो," मागून निवृत्त कारकून म्हणाले. आणि हात वर झाले. तिने मोजले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी दोघं सतरा नंबरपाशी गेले. दुरुस्तीची नोंद जागेवर जाऊनच करायची असते, असा नियम आहे. निदान त्या दिवशी तरी होता. पाऊस थांबला होता, पण पानं अजून आपापला पाऊस पाडत होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"मुदत आजची होती ना." त्याने निळी फाइल पुढे केली. "आणि पुरावा लागतो तुला. घे."

चौदा पानं. दिवस पहिला: 'माझ्यासकट झाड मोजले. थँक्यू म्हणाली (झाडाला).' दिवस चौथा: 'घुबडांवरून जिंकली असती. चहा दिला.' दिवस नववा: 'हसली. दोनदा.'

"नवव्या दिवशी मी पाच वेळा हसले होते."

"तीन वेळा मी पुढे होतो. पाठीला डोळे नाहीत मला."

"मग पुढे चालत जाऊ नकोस," ती म्हणाली. "शेजारी चाल."

त्याने पेन काढलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, न लिहिताच परत खिशात ठेवलं.

तिने टेप उलगडली. "बाजूला हो. आधी झाड एकटं."

तो बाजूला झाला, पण टोक त्यानेच पलीकडून आणून दिलं. या वेळी हातात देताना सोडलं नाही.

"थँक्यू," ती म्हणाली.

"झाडाला?"

"नाही."

एकशे शहाण्णव. तिने वहीत दोनशे सत्तरवर एक सरळ रेघ मारली, तिची पहिली खाडाखोड, आणि शेजारी खरा आकडा लिहिला. तो खांद्यावरून डोकावत होता.

"आणि राहिलेले चौऱ्याहत्तर? ते कुठल्या रकान्यात जाणार?"

तिने वही मिटली, टेप त्याच्या एकट्याभोवती टाकली, आणि हळूच ओढली.

"ते माझ्याकडे राहतील," ती म्हणाली.