भिंतीची ओल

शहरात त्यांना सगळे पाऊसकाका म्हणत. सव्वीस वर्षं संध्याकाळी सातच्या बातम्यांत हवामान सांगितल्यावर माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतो? लग्न असो की सहल, तारीख ठरवण्याआधी लोक त्यांना गाठत. अंदाज चुकला की बाजारातले दुकानदार त्यांना पाहून भर उन्हात छत्री उघडत. काका ते हसण्यावारी नेत.

स्टुडिओत त्यांच्या मागे नुसती हिरवी भिंत असे. नकाशा फक्त प्रेक्षकांना दिसे. काका बाजूच्या छोट्या पडद्यावर बघत रिकाम्या भिंतीसमोर हात फिरवत. भिंतीला शिवायचं नाही, डाग पडला की चित्र बिघडतं, हा या कामाचा पहिला धडा. एका मंगळवारी त्यांचा तोल गेला आणि बोटं भिंतीला टेकली. पडद्यावर पाहिलं तर ती उत्तरेच्या डोंगरावर होती. बोटं ओली झाली होती.

संगणक कोरडी हवा सांगत होता. दुसऱ्या दिवशी डोंगरावर पाऊस झाला.

काका असल्या गोष्टींना भीक घालणारे नव्हते. पाइप गळतोय का ते त्यांनी बघून घेतलं. भिंतीमागे पाइपच नव्हता. मग ते रोज, कुणाला कळू न देता, भिंतीला बोट लावू लागले. ओल लागे तिथे पाऊस पडे, गार लागे तिथे धुकं. महिनाभर अंदाज चुकला नाही. लोक कौतुक करत होते आणि काकांची झोप उडाली होती.

मग एका गुरुवारी त्यांनी नदीकाठच्या वस्तीवर बोट ठेवलं, तर हात मनगटापर्यंत आत गेला. आत पाणी होतं, आणि त्याला जबर ओढ होती. त्या वस्तीत त्यांची धाकटी बहीण तिच्या मुलीसोबत राहत होती.

संगणकावर पावसाचं नावही नव्हतं. काकांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "नदीकाठच्या लोकांनी घरं सोडा. आत्ता, लगेच."

बातम्या संपताच संपादकबाई आल्या. "काका, कशाच्या जोरावर बोललात हे?"

काकांनी ओली बाही पाठीमागे घेतली. "माझा अंदाज आहे."

"खोटा ठरला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे मला."

मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

"दादा, आभाळ निरभ्र आहे रे."

"असू दे. पोरीला घे आणि माझ्याकडे ये. एवढं एक ऐक माझं."

तिनं ऐकलं.

रात्र कोरडी गेली. सकाळी लख्ख ऊन पडलं, नदी आपल्या पात्रातून गुमान वाहत होती. लोक शिव्या घालत घरी परतले आणि दहा वाजता काकांची नोकरी गेली. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. पण बहीण आणि भाची समोर बसून चहा पीत होत्या, आणि त्यांच्याकडे बघून काकांना बरंही वाटत होतं.

दुपारी दोघी घरी गेल्या. थोड्या वेळानं फोन आला.

"दादा, कुलूप होतं तसंच होतं. जमीनही कोरडी आहे."

"मग झालं काय?"

"भिंतीवर चिखलाची रेघ आहे. माझ्या डोक्याच्याही वर."

काकांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"छताला हातांचे ठसे आहेत. एक मोठा, एक लहान."

"कुणाचे?"



"मोठ्या ठशात माझी अंगठी उमटली आहे, दादा."