हे खाते सध्या वापरात आहे

लाईट येईपर्यंत कुणाचंच काही काम होणार नाही, तेव्हा बसा असेच. मोबाईल तेवढे उलटे ठेवा, उजेड डोळ्यांवर येतो. तुम्ही सगळी कॉम्प्युटरवाली मंडळी. तुम्हाला पडक्या विहिरीतली बाई सांगावी तर तुम्ही तिचा फोटो मागाल. म्हणून तुमच्याच धंद्यातली गोष्ट सांगतो, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली.

साडूला तुम्ही ओळखता. तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणार नाही. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते आणि ती त्याच्याकडे औषधालाही नाही. एका संशोधन संस्थेतली मोठी मशीन तो सांभाळतो. तिथली मुलं घरी बसून ब्राउझरमध्ये एक पान उघडतात, नाव-पासवर्ड टाकतात, त्यात प्रोग्रॅम लिहितात आणि तो चालतो इकडे संस्थेतल्या मशीनवर. त्या पानाला तिथं सगळे वही म्हणतात. मुलं एकमेकांना पासवर्ड वाटायची आणि मशीन गुदमरायची, म्हणून साडूनं नियम केला होता की एका खात्यात एका वेळी एकच माणूस. दुसरा आला की त्याला दारातच पाटी दिसायची, ‘हे खाते सध्या वापरात आहे.’ आणि कुणी वही उघडी टाकून नुसता बसला, तर तासाभरानं मशीन त्याला आपोआप बाहेर काढायची.

गेल्या डिसेंबरची सोळा तारीख, मंगळवार. रात्रीचे साडेआठ झाले होते. जुनी मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी कायमची बंद व्हायची होती, म्हणून उरलेली खाती नव्या मशीनवर उतरवायला साडू एकटाच संस्थेत गेला. त्यातलं एक खातं होतं सप्टेंबरात गेलेल्या मुलीचं. संस्थेतून स्कूटरवर घरी निघाली होती, वळणावर ट्रकनं उडवलं. सव्वीस वर्षांची पोर.

तिच्या आईला साडूनं शब्द दिला होता की आज तुमचं काम करून देतो. आई शिवणकाम करते. वडील भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. असा आवाज, की पलीकडच्या गाळ्यातला माणूस बोली लावायचा. त्या माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि नेमकी वाचा गेली. बोलायचे, पण तोंडातून निघायचा तो नुसता गोळा. कळायचं फक्त पोरीला. म्हणून तिनं वडिलांचा आवाज गोळा करायला घेतला. एकेक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं आणि खाली त्याचा अर्थ स्वतः टाईप करायचा, म्हणजे हळूहळू मशीनला त्यांचं बोलणं समजू लागेल. आईला तिनं शिकवून ठेवलं होतं, मी नसले तर वही उघडायची, पासवर्ड टाकायचा, हे बटण दाबायचं, बाबा बोलतील ते इथं लिहून येईल.

पोर गेली आणि त्या दिवसापासून वही उघडेना. आई रोज संध्याकाळी तिच्या लॅपटॉपसमोर बसायची, पासवर्ड टाकायची, आणि रोज तीच पाटी. तिला वाटायचं आपलंच चुकतंय. समोर नवरा काहीतरी सांगतोय, रोज तेच सांगतोय, आणि बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते कळत नाहीये. नुसतं ऐकूनच मला कसंसं झालं होतं.

साडूनं मशीनसमोर बसून तिला फोन लावला. स्पीकरवर ठेवायला सांगितलं. मागे त्या माणसाचं पुटपुटणं ऐकू येत होतं, एकसारखं, शांत. साडूनं पासवर्ड पुन्हा टाकायला लावला. बरोबर होता. ब्राउझरमध्ये जुनं साठलेलं पुसायला लावलं, लॅपटॉपवरचं घड्याळ तपासलं, पासवर्ड बदलूनही पाहिला. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, कारण खरं काय ते त्याला आधीच ठाऊक होतं. खात्यात कुणीतरी होतं. गेले तीन महिने रोज संध्याकाळी असायचं. तासभर गप्प बसणाऱ्याला मशीन बाहेर काढते, याला काढत नव्हती. म्हणजे आत काम चालू होतं. साडूची खात्री होती की कुणीतरी उडाणटप्पू पोरगं मेलेल्या मुलीच्या खात्यावर फुकट मशीन वापरतंय. खातं बंद करावं तर तिच्या सरांनी तिचं काम उतरवून घेईपर्यंत राहू दे म्हणून सांगितलेलं. म्हणून हा रोज रात्री नवाच्या सुमाराला घरून त्याला हाकलायचा. थोड्या वेळानं ते परत हजर.

आजही त्यानं तेच केलं. एक बटण. आतला बाहेर.

फोनमधलं पुटपुटणं थांबलं.

मग रडणं ऐकू आलं. म्हाताऱ्या माणसाचं, तोंड उघडं टाकून.

आई म्हणाली, “काही नाही हो भाऊ, तुम्ही तुमचं चालू द्या. रोज नवाच्या सुमाराला ते असे रडायला लागतात. होतील गप्प.”

साडू पडद्याकडे बघत राहिला. दोन-तीन मिनिटांनी खातं पुन्हा वापरात आलं. आणि तिकडे रडणं थांबलं. पुटपुटणं सुरू झालं.

आता त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, की येणारा येतोय कुठून. इतके दिवस ते बघायचं त्याला सुचलं नव्हतं, हाकलण्यातच शूरपणा. पत्ता त्याच घराचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून तो हसणार होता म्हणे. हसू आलं नाही.

“ताई, घरात दुसरा कॉम्प्युटर चालू आहे का?”

“नाही हो. शिवणयंत्र आहे तेवढं.”

“दुसरं कुणी आहे?”

“आम्ही दोघंच.”

...

साडूकडे सगळ्या खात्यांची किल्ली असते. चालू असलेली वही त्याला बाहेरून बघता येते.  त्यानं ती उघडली.

पानावर अक्षरं उमटत होती. फोनमध्ये पुटपुटणं... इकडे एक ओळ. पुटपुटणं... ओळ. फोनमध्ये ते थांबले, की इकडे थांबत होतं.

आईच्या लॅपटॉपवर ती पाटीच होती. वही बंद. माईक बंद.

“ताई,” साडू म्हणाला, “यजमान कुठं बसलेत?”

“पलंगावर.”

“बघतायत कुठं?”

 “तिच्या खुर्चीकडे. रोज तिकडेच बघून बोलतात.”

...

“भाऊ? ऐकताय ना?”

 साडू म्हणतो, पळावंसं वाटलं, पण भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. तीन महिने रोज रात्री आपण काय करत होतो ते त्याला कळलं होतं. शेवटी म्हणाला, “ताई, ते काय बोलतायत ते इथं आलंय. वाचून दाखवू?”

उत्तराची वाट न बघता त्यानं वाचलं.

“पुरे झालं आता. किती वेळ बसशील. डोळे लाल झालेत तुझे. माझं काही अडत नाही. तुझी आई आहे. जा, झोप जा.”



मग खुर्चीचे पाय घासल्यासारखा आवाज आला. आई उठली असावी.

आणि ती बोलली. फोनमध्ये नाही. तोंड दुसरीकडे करून.

“जा बाळ. मी बघते आता यांचं.”

...

पडद्यावर, साडूनं कशालाही हात न लावता, खातं मोकळं झालं. बाहेर काढलेलं वेगळं दिसतं आणि स्वतःहून निघालेलं वेगळं दिसतं. हे स्वतःहून होतं.

साडूनं तिला पुन्हा एकदा पासवर्ड टाकायला सांगितला. वही पहिल्या फटक्यात उघडली. बटण दाबल्यावर नवऱ्याचं पहिलं वाक्य तिनं स्वतः, अडखळत, मोठ्यानं वाचलं. “गेली.” मग दोघंही रडली आणि साडूनं फोन हळूच ठेवून दिला.

ती वही आता नव्या मशीनवर आहे. नवरा-बायको भांडतातसुद्धा म्हणे त्यातून. नवाच्या सुमाराला रडणं नाही की काही नाही.

पण त्या रात्री खातं उतरवून घेताना साडूनं आत पाहिलं. ‘बाबा’ नावाचा फोल्डर होता, त्यात वडिलांची वाक्यं, खाली पोरीनं टाईप केलेला अर्थ. ते असणारच. त्याच्याशेजारी आणखी एक फोल्डर होता. त्यातलं पहिलं वाक्य ती गेल्यानंतरच्या आठवड्यातलं, मग रोज संध्याकाळचं एकेक. त्यानं एक लावून पाहिलं. आईचा आवाज. “नाही उघडत गं. काय चुकतंय माझं?” खाली तेच वाक्य, नीट टाईप केलेलं. दुसरं लावलं. “उघड ना गं.” तेही टाईप केलेलं.

मशीनला आईचं बोलणं समजून घ्यायची काही गरज नव्हती. तिची वाचा धड आहे.

साडूनं हे तिला अजून सांगितलेलं नाही. शेवटचं वाक्य त्याच रात्रीचं होतं, नऊ वाजून गेल्यानंतरचं. “जा बाळ. मी बघते आता यांचं.” आवाज होता, पण खालची टाईप करायची जागा रिकामी होती.