मापं खाली येत होती

बाथरूमच्या दाराची बिजागरी गंजून तुटली आणि मी सुताराची वाट बघणं सोडलं.

खारं वारं आमच्याकडे लोखंड खातं. चौलच्या खाली, सुपारीच्या वाड्या संपतात आणि खाडीचा चिखल सुरू होतो तिथं आमची आळी. इथं खिळा दोन पावसाळे टिकला तर नशीब. पूर्वी काही मोडलं की सुताराला निरोप धाडायचा, तो यायचा, चहा प्यायचा, काम करायचा. आता सुतार येत नाहीत. सगळे मुंबईकरांच्या बंगल्यांवर असतात. वर्षातून चार रविवार उघडणाऱ्या बंगल्याला सागवानी दारं लागतात आणि बारा महिने इथं राहणाऱ्यानं बाथरूमचं दार सुतळीनं बांधायचं. ज्याला फोन केला तो म्हणाला, बघू दादा, दिवाळीनंतर. मी म्हटलं, तुझ्या दिवाळीपर्यंत माझ्या बायकोनं काय दाराला पाय लावून आंघोळ करायची? फोन ठेवला, रेवदंड्याला गेलो आणि ड्रिल मशीन घेऊन आलो.

आयुष्यभर मी ट्रक चालवला. न्हावाशेव्याहून कंटेनर उचलायचा आणि देशभर पोचवायचा. भर रस्त्यात बंद पडलेली गाडी कितीदा तरी माझ्या हातांनी उभी केली. अरुंद गोदामात कंटेनर मागं घेताना दोन्ही बाजूंना चार बोटं जागा असायची आणि तेवढी मला पुरायची. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकून लोक पहिलं हेच बोलतात की जीवन, तू माप चुकला असशील. मी माप चुकलो नाही.

बिजागरी झकास बसली. मग नळ झाला, खिडकीची कडी झाली. मोबाइलवर बघून बघून शिकलो. पडवीत टेबल टाकलं, करवत, रंधा, पटाशी मांडली. लाकडाच्या भुश्याचा वास घरात भरायला लागला आणि मला तो आवडायला लागला.

पहिली गडबड झाली ती स्वयंपाकघरातल्या फळीची.

माझी बायको नलू आळीतली सगळ्यात उंच बाई. लग्नात हार घालताना मला टाचा उचलाव्या लागल्या, त्यावरून अजून चेष्टा होते. तिला मसाल्याच्या डब्यांसाठी फळी हवी होती. तिला भिंतीशी उभं केलं. तिनं डोळ्यांसमोर हात धरला, तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. लेव्हल लावली, भोकं पाडली, भोकांत गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. मागं सरून बघितलं तर फळी तिच्या कमरेला.

नलू हसत सुटली. म्हणाली, "ह्या कोनासाठी? मांजरीसाठी?"

मी पण हसलो. वरची खूण शोधली. खूण नव्हती. भिंत कोरी होती. पेन्सिलीची रेघ होती ती खाली, फळीच्या कडेला, माझ्याच हाताची.

म्हटलं, वय झालं. फळी तशीच ठेवली. पुढं पंख्याचं बटण बदलायचं होतं म्हणून बोर्ड नवा बसवला. तोही खाली आला. टॉवेलची खुंटी खाली आली. बेसिनवरचा आरसा मी माझ्या तोंडासमोर धरून बसवला होता. दुसऱ्या दिवशी दाढी करायला उभा राहिलो तर आरशात माझं पोट. बनियनवरचा चहाचा डाग दिसत होता, तोंड नव्हतं.

दुकानातून नवीन टेप आणला. जुना आणि नवा शेजारी ताणून बघितले. दोन्ही सारखे.

पुढच्या दाराची पायरी मागं आलेल्या चक्रीवादळात पडलेल्या झाडाखाली फुटली होती. फळ्यांचा साचा लावून मी तिच्यावर सिमेंट ओतलं. थापीनं कोपरे धारदार काढले. सिमेंट सुकल्यावर साचा काढला तर पायरी नव्हती. उंबऱ्यापासून अंगणापर्यंत लांब, गुळगुळीत उतार होता. कोपऱ्यांचा पत्ता नाही. तेवढा उतार घालायला जेवढं सिमेंट लागलं असतं तेवढं मी आणलंही नव्हतं.

नलूनं त्यावरून चालून बघितलं. यावेळी ती हसली नाही.

आमच्या शेजारी काळूरामकाका राहतात. मिठागरात जन्म गेला, पाय कामातून गेलेत, काठीशिवाय चालत नाहीत. ते एकदा चहाला आले. नलूनं त्यांना स्वयंपाकघरातच प्लास्टिकची खुर्ची दिली. काकांनी सहज हात लांब केला आणि बसल्या जागेवरून पंखा लावला. मग फळीवरचा साखरेचा डबा काढला. पाठ टेकलेलीच होती. चमचाभर साखर रिकाम्या कपात टाकली, डबा परत ठेवला. थोडा वेळ ते भिंतीकडं बघत राहिले.

"जीवन," ते म्हणाले, "ह्या सगला कोनासाठी करून ठेवलंस रं? ही बसल्या मानसाची मापा हायत."

नलूनं गॅस बंद केला. चहा उकळून वर आला होता.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसायला लागली, नलूचे गुडघे. तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. या वयात सगळ्यांचेच दुखतात. पण आता ती उठताना भिंतीला हात लावायची तेव्हा मी हातातलं काम टाकून बघायचो. माझंच घर माझ्याच हातांनी माझ्या बायकोला खुर्चीत बसवायची तयारी करत होतं. कुणी? कशासाठी? मी देवाला नारळ फोडणारा माणूस नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्यामुळं कुणाला विचारायची सोय पण ठेवली नव्हती.

तिला अलिबागला नेलं. फोटो काढले, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, चालत राहा. मला तेच नको होतं. मी तिला पाणी उचलू देईना, बाजारात जाऊ देईना, ओल्या लादीवर पाऊल ठेवू देईना. ती वालाच्या शेंगा विकायला सकाळी चौलच्या नाक्यावर बसायची, तेही बंद केलं. आमची मुलगी प्राप्ती पनवेलला एका लॅबमध्ये काम करते. तिला फोन करून सांगितलं, आईला समजाव. तिनं मलाच झापलं.

शेवटी नलूला राहवलं नाही. भांडी घासत होती, तिथूनच बोलली. ओरडली नाही.

"तुमी मना जित्तेपनी बसवनार काय? मना पाय हायत. मी चालतंय."

मी ठरवलं, एकदाच खात्री करायची. भिंतीवरचं घड्याळ लावायचं होतं. दुपारची वेळ, लख्ख उजेड. स्टुलावर चढलो. हात डोक्याच्या वर ताणून, छताच्या जरा खाली भोक पाडलं. विटांचा लाल भुगा वरून माझ्या तोंडावर पडला, पापण्यांत गेला, जिभेवर मातीची चव आली. खांदा भरून आला. घड्याळ अडकवलं आणि डोळे चोळत खाली उतरलो.

घड्याळ माझ्या छातीशी टिकटिकत होतं.

पापण्यांत भुगा तसाच होता. टोचत होता.

मी मशीन पिशवीत घातलं, पिशवी माळ्यावर टाकली. पडवीतलं टेबल उभं करून ठेवलं. यापुढं या घरात खिळा नाही, असं नलूला सांगितलं. ती बरं म्हणाली.

त्यानंतर तांदळाची गोण आली. रिक्षावाल्यानं अंगणात टाकली आणि गेला. नलू वाकली, गोणीचे दोन कोपरे धरले. मी घरातून बघितलं आणि धावलो. तू नको, तू नको, असं ओरडत धावलो एवढं आठवतं. मग उताराचं सिमेंट गालाला लागलं. थंड होतं. तोंडात लाळ होती आणि ती गिळता येत नव्हती. नलूचे पाय दिसत होते. दोन्ही भक्कम उभे.

तिचं ब्लडप्रेशर मी दहादा तपासून घेतलं होतं. माझं एकदाही नाही.

अलिबाग, मग पनवेल. डावं अंग गेलं. वाचा थोडी अडखळत का होईना, परत आली. प्राप्तीनं चाकांची खुर्ची घेतली. घरी आणायच्या दिवशी तिनं आळीतल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, बाबांना उचलून आत घ्यावं लागेल. माणसं अंगणात उभी होती. नलूनं खुर्ची ढकलली. खुर्ची उतारावरून सरळ घरात गेली. कुणालाही हात लावावा लागला नाही.

मी पंख्याच्या बटणाकडं हात नेला. पोचला.

खुंटीवरचा टॉवेल ओढला. आला.

बेसिनशी खुर्ची लावली. आरशात एक माणूस होता, डावा गाल ओघळलेला, दाढी वाढलेली. बरोबर मधोमध. माझ्याकडं बघत होता.

नलू मागं उभी होती. आरशात तिचं फक्त पोट आणि हात दिसत होते. ते हात माझ्या खांद्यांवर आले आणि तिथंच राहिले.

खरं सांगायचं तर घरानं मला सांभाळलं. बाहेर काय आहे ते मला आता कळलं. बँकेला पायऱ्या, पंचायतीला पायऱ्या. दवाखान्याला पायऱ्या, अहो दवाखान्याला! लंगड्या माणसानं आधी बरं व्हायचं आणि मग तपासायला यायचं. अख्खा मुलूख धडधाकट माणसाच्या मापानं बांधलाय आणि कुणालाच लाज वाटत नाही. माझ्या घरात मात्र मी माझा चहा करतो. साखरेचा डबा हाताशी आहे. माणसाला आणखी काय लागतं?

घर म्हटलं की मोडतोड आलीच. माझा एक हात चालेना, मग माळ्यावरची पिशवी नलूनं काढली. मी खुर्चीतून सांगायचो, ती करायची. कडी बसवली. जाळी ठोकली. सुतार सापडला काय, असं काळूरामकाका तिला चिडवायचे, तर ती म्हणायची, सापडला ना, फुकटचा हाय. तिनं काही ठोकलं की मी श्वास रोखून बघायचो. माप जिथल्या तिथं असायचं. तिच्या हाताला ते नव्हतं. मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपायला लागलो.

मग मला झोपाळ्याची हौस आली. संध्याकाळी पडवीत खाडीवरचं वारं येतं. खुर्चीत मी एकीकडं, ती उंबऱ्यावर दुसरीकडं. मला तिच्या शेजारी बसायचं होतं. एकट्याला मला झोपाळ्यावर बसता येत नाही, कलंडतो. डावीकडून कुणीतरी धरावं लागतं. म्हणून मी नलूला म्हटलं, दोघांचा करू.

"म्हातारपनी झोपाला," ती म्हणाली. पण लाजली.

वादळात पडलेल्या फणसाची एक लांब फळी परसात होती. नलूनं ती रंध्यानं घासली. पिवळंधमक लाकूड निघालं, गोडसर वासाचं. आम्ही दोघं त्या फळीवर शेजारी बसून बघितलं. तिनं मला धरलं होतं. जागा उरत होती. फक्त एक टोक किडलेलं होतं, हातभर, तेवढं कापायचं. मी माझ्या चांगल्या हातानं रेघ मारली. नलूनं गुडघा दाबून करवत चालवली. रेघ भुश्यात जाताना मी बघत होतो. तुकडा पडला.

ती फळी उचलून पडवीत घेऊन गेली. जाताना एकदा थांबली. फळी तिनं एका हातात पेलली होती.

साखळ्या लावल्या. आकडे अडकवले.

झोपाळा लटकला, जेमतेम एका माणसाचा, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो.

मी परसात खुर्ची नेली. किडका तुकडा तिथंच होता. हातभरच. बाकी काही नव्हतं. गुडघ्याएवढा उंच भुसा पडला असता तरी हिशोब लागला नसता. आणि भुसा मूठभर होता.

परत आलो. नलू अजून उभी होती.

"दुसरी फली आनू," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. हलली नाही.

मग तिनं पदर खोचला आणि बसली. पाय जमिनीवर टेकले होते. तिनं हळूच एक झोका घेतला. साखळी करकरली. ती खाडीकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

"कशी हाय?" मी विचारलं.

तिनं आणखी एक झोका घेतला.

"मापाची हाय."

ती अगदी मधोमध बसली होती. दोन्ही बाजूंच्या साखळ्या, कोपर न ताणता, तिच्या दोन्ही हातांत बरोबर येत होत्या.